पल्लवीची व्हिस्की आणि दाजींचं नाक

दाजी, परवा मी तुमच्या पल्लवीशी धडधडीत खोटं बोललो. तेही तुमच्या फोटोखाली उभं राहून, हार ताजा असताना.

तेराव्याचा आचारी किती वाजता येणार, पाटावर कोण बसणार, असली चौकशी उरकून मी तुमच्या फोटोखाली भिंतीला टेकलो होतो. पल्लवी चहा घेऊन आली. म्हणाली, "मामा, एक विचारू? खरं सांगायचं. पप्पांनी ती कधी चाखली का हो?"

'ती' म्हणजे कोणती, हे विचारायची गरज नव्हती. गेल्या वर्षी वेल्सहून तिने आणलेल्या दोन बाटल्या. तिच्या कारखान्यातली व्हिस्की.

"छे गं," मी म्हणालो. "तुझे पप्पा आणि दारू? जिभेला लावली नाही."

"वास तरी घेतला?"

"नाही."

"बरं," एवढंच म्हणाली आणि दोन्ही कप उचलून आत गेली. माझा अर्धा चहा तसाच होता, दाजी. इतकं लक्ष उडालं होतं पोरीचं. उद्या पहाटे तिचं विमान आहे. ती हेच 'नाही' बरोबर घेऊन जाणार आणि जन्मभर सांभाळणार, कारण तुमची आहे ती, एकदा मनात धरलं की सोडायची नाही.

तुम्ही मला शब्दात बांधून गेलात. 'बाळू, कुणाला बोलायचं नाही. पल्लवीला मीच सांगणार, समोर बसवून.' आता काय बसवताय समोर? आयुष्यभर मला म्हणत आलात की बाळ्या, तू प्रत्येक काम उद्यावर टाकतोस. आणि स्वतः एवढी एक गोष्ट टाकून ठेवलीत आणि सकाळी आंघोळीचं पाणी काढायला बसलात ते बसलातच. मला राग आलाय तुमचा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुम्ही माझ्यावर चाळीस वर्षं रागावलात, मी चार दिवस रागावलो तर काय बिघडलं?

चाळीस वर्षं! आक्काचा धाकटा भाऊ म्हणजे तुमचा हक्काचा गुन्हेगार. बुधवार पेठेत माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान, शनिवारी दुकान बंद केलं की मित्रांबरोबर दोन पेग, यापलीकडे माझा गुन्हा नव्हता. पण तुम्ही दारात मला नुसते हुंगायचात आणि सांगायचात, 'आज रम. आणि वर पेरू खाल्लास.' पेरूचंही बरोबर असायचं! बाकी लोकांच्या मेहुण्यांना दाजी चहा विचारतात. माझी तपासणी व्हायची.

नाकच तसं होतं तुमचं. डेअरीत गावोगावचे दुधाचे कॅन यायचे, झाकण उघडलं की तुम्ही पुढे वाकायचात, एकदाच श्वास ओढायचात आणि हात करायचात, हा आत, हा परत. मी एकदा तुमचा डबा द्यायला आलो होतो तेव्हा पाहिलं. एका कॅनवर तुम्ही म्हणालात, 'म्हशीने कांद्याची पात खाल्लीय.' तो दूधवाला भांडायला उठला आणि मग डोकं खाजवत म्हणाला, 'हाय खरं सायेब, पोरांनी टाकली व्हती.' संशय राहिला की तुम्ही घोटभर दूध तोंडात घ्यायचात, जिभेवर फिरवायचात आणि थुंकायचात. गिळायचं नाही. तीस-बत्तीस वर्षं रोज दूध चाखलंत आणि कामावर कधी थेंब गिळला नाहीत. आणि सगळं मनासारखं असलं की वहीत दोन शब्द लिहायचात, 'दोष नाही'. त्यापुढची शाबासकी तुमच्याकडे नव्हतीच. आक्काच्या पुरणपोळीलासुद्धा तेवढंच. पहिली काही वर्षं ती रडायची, मग समजली.

तुम्ही दारूला का शिवत नव्हतात ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तुमचे वडील बाटलीपायी गेले, आणि तुम्ही मिसरूड फुटायच्या आत आईच्या हातावर हात ठेवून सांगितलंत, 'एक घोट गिळणार नाही.' म्हणून मी तुमची भाषणं ऐकून घ्यायचो. आणि दुसरंही कारण होतं. मला कावीळ झाली तेव्हा तुम्ही कात्रजहून सायकलवर बिबवेवाडीला रोज ताक घेऊन यायचात. उशाशी बसून शिव्या घालायचात आणि ताक पाजायचात. शिव्या विसरलो मी, दाजी. ताक नाही विसरलो.

आणि अशा माणसाच्या पोरीने काय करावं? मायक्रोबायोलॉजी शिकली, पुढे शिकायला तिकडे गेली, आणि नोकरी धरली ती थेट व्हिस्कीच्या कारखान्यात. तेही स्कॉटलंडला नाही, वेल्समध्ये! माझ्या ओळखीचा वाईन शॉपवाला म्हणाला, 'काका, वेल्समध्ये मेंढ्या असतात. व्हिस्की नसते.' त्याला मी सांगितलं, असते, आमची भाची करते. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी आधीच घेऊन आलोय.

त्या दिवशीचा फोन आक्काने स्पीकरवर टाकला होता, म्हणून मीही ऐकला. तुम्ही म्हणालात, 'तुला जंतू शिकायला पाठवलं होतं, भट्टी लावायला नाही.' ती म्हणाली, 'पप्पा, यीस्ट आहे हो ते. तुमच्या दह्याला विरजण लागतं, तसंच.' त्यावर तुम्ही म्हणालात, 'विरजणाने घर बुडत नाही.' फोन ठेवला गेला. कुणी ठेवला ते अजून नक्की नाही; तुम्ही म्हणायचात तिने, ती म्हणते तुम्ही.

मग दोन-अडीच वर्षं बापलेकीचं बोलणं हवामानावर. 'पाऊस?' 'आहे.' 'थंडी?' 'आहे.' तिकडे पाऊस बाराही महिने, त्यामुळे तुमचं संभाषण कधी अडलं नाही एवढंच. सोसायटीत कुणी विचारलं तर तुम्ही छाती काढून सांगायचात, 'मुलगी धान्यप्रक्रिया उद्योगात आहे.' आता बार्ली हे धान्य आणि प्रक्रियाही होते, तेव्हा खोटं नव्हतं ते. खोटं बोलायचंच नाही आणि खरंही सांगायचं नाही, हे जमवावं तुम्हीच.

गेल्या वर्षी ती आली. दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. फिकट सोनेरी रंग, पाकातल्या चिरोट्यासारखा. लेबलवर दोन भाषा, एक इंग्रजी आणि दुसरी अशी, की वाचता वाचता जीभ दुमडते. म्हणाली, "पप्पा, ही आमची सगळ्यात साधी. स्वस्तातली. पहिल्यांदा सिंगल माल्ट घेणारा हीच घेतो. भारीतली आणली असती, पण तिला माझा हात लागत नाही. हिची जबाबदारी माझ्याकडे आहे. पिऊ नका. फक्त वास घ्या आणि काय चुकलंय ते सांगा."

तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "ठेव तिथं."

तीन आठवडे बाटल्या तिथंच. ती जाताना पाया पडली, तुम्ही 'पोचलीस की कळव' म्हणालात. आक्का मला म्हणाली, "बाळू, या माणसाला मी बेचाळीस वर्षं ओळखते आणि मला हा कळत नाही."

आता ज्या दिवसाबद्दल परवा मी खोटं बोललो, तो दिवस.

ती गेल्यावर महिन्याभराने, सकाळी अकराला, तुम्ही माझ्या दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात वर्तमानपत्र, त्यात बाटली. आमची बायको मंगल भिशीला गेली होती. तुम्ही आधी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरलात. दारू बाळगायचा परवाना! आजन्म! नेट कॅफेत बसून अर्ज भरला होतात. मी हसून हसून सोफ्यावर पडलो. "अहो दाजी, बसमध्ये कोण तुमची पिशवी बघतंय? उभा महाराष्ट्र असल्या कागदावाचून पितोय!"

"म्हणूनच उभा राहत नाही धड," तुम्ही म्हणालात. "पेला दे. काचेचा. साबणाचा वास नको."

पेला तुम्हीच धुतलात, तीनदा, गरम पाण्याने. बोटभर ओतलीत. वर तळहात झाकलात आणि उभे राहिलात, खिडकीपाशी, हाताची ऊब लागेपर्यंत. मग हात काढलात, वाकलात आणि एकदाच श्वास ओढलात. अगदी तसाच, कॅनवर ओढायचात तसा.

मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही डोळे मिटून सांगत होतात, 'आइस्क्रीमच्या खात्यात यायचा तो व्हॅनिलाचा वास. मनुका. ओली फळी. आणि खाली, अगदी खाली, हुरडा.' मला त्यातलं काहीएक आलं नव्हतं. चाळीस वर्षं पिऊन मला दोनच वास येतात, चढणारीचा आणि न चढणारीचा. मग तुम्ही घोट घेतलात, फिरवलात आणि बेसिनमध्ये थुंकलात. मी कळवळलो. "अहो, बेसिनला कशाला पाजताय!"

तुम्ही पेला खाली ठेवलात. "दोष नाही," म्हणालात. आवाज साधाच होता, पण तुमची हनुवटी हलत होती, दाजी. मी पाहिलं. मग तुम्ही खिशातून फोन काढलात, चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि 'प' शोधायला लागलात.

आणि शोधता शोधता मला विचारलंत, "तुला कशी वाटली? तू जाणकार. तुझं सांग, मग लावतो."

जाणकार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पिण्याला तुम्ही मान दिलात. आणि मी काय केलं? मला आठवली सगळी भाषणं. दारातली हुंगाहुंगी आठवली. माझ्या लग्नात सासरच्यांसमोर 'हा आमचा शनिवारचा संत' म्हणून करून दिलेली ओळख आठवली. मी पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणालो, "ठीक आहे. स्वस्तातली आहे शेवटी. कंपनीची सगळ्यात खालची."

चांगली होती हो, दाजी. छान होती. मऊ होती, नाकात न जाता छातीत उतरत होती. मी आयुष्यात प्यायलेली सगळ्यात चांगली होती आणि ती माझ्या भाचीने केली होती. मी मुद्दाम बोललो. तुमच्यावर एकदा तरी बाजी मारायची म्हणून बोललो.

तुम्ही फोन परत खिशात ठेवलात.

मग झापलंत मला, ते योग्यच झालं. "खालची म्हणजे काय रे? श्रीखंड-बासुंदी कुणीही खपवेल. साखर घाल, वेलची घाल, दोष झाकला. पिशवीतलं साधं दूध रोज एकसारखं द्यायचं, त्याला अक्कल लागते. तिच्याकडे साधं दूध दिलंय त्यांनी. का दिलं असेल?" मी म्हणालो, "मग हेच तिला सांगा ना! लावा फोन!" पण तुमची ती वेळ निघून गेली होती. "असू दे," म्हणालात. "दोष असला तर फोन करायचा. चांगलं असेल तर गावात जाऊन समोर सांगायचं. डेअरीत आम्ही तसंच करायचो. दिवाळीला येतेय ना ती, तेव्हा बसवून सांगतो. तोवर तू कुणाला बोलायचं नाही. शप्पथ घे."

घेतली. बाटली माझ्याच कपाटात राहिली. तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, पेला धुवायचात, वास घ्यायचात, आणि दर वेळी एखादी नवी गोष्ट सापडायची. एकदा म्हणालात, 'लिंबाची साल आहे. मागच्या वेळी कशी सुटली?' जसं काही पोरीचं पत्र पुन्हा पुन्हा वाचताय. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, लावा फोन. तुम्ही म्हणायचात, दिवाळी. आपलं ते भांडण तसंच राहिलं, आणि दिवाळी अजून दोन महिने लांब आहे.

म्हणून परवा मी तिला 'नाही' म्हणालो. शब्द दिला होता म्हणून, असं मी रात्रभर स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. तिला हे सांगायचं तर फोनचंही सांगावं लागेल. तुमचा अंगठा तिच्या नावावर होता आणि मामाच्या एका टोमण्याने तो मागे आला, हे तोंडाने सांगावं लागेल. माझी छाती होत नाही, दाजी.

इथवर सकाळी लिहिलं. वाचलं. स्वतःची लाज वाटली. चप्पल घातली आणि बाटली त्याच तुमच्या पिशवीत टाकून कात्रजची बस धरली. परवाना नव्हता माझ्याकडे. कुणी अडवलं नाही, सांगून ठेवतो.

पल्लवी बॅग भरत होती. आक्का लोणच्याची बरणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, बसलो असतो तर राहिलं असतं. सगळं सांगितलं. परवाना, पेला, व्हॅनिला, हुरडा. 'दोष नाही' सांगितलं. मग फोनचं सांगितलं आणि मी काय बोललो तेही, शब्द न बदलता.

मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढते. तर म्हणाली, "पाणी घातलं होतं का मामा? दोन थेंब तरी? नाहीतर तिचा वास उघडत नाही."

बघा! आहे का तुमच्यापेक्षा वेगळी? "तशीच चाखली," मी म्हणालो.

"तशीच चाखून त्यांना हुरडा आला?" ती पलंगावर बसली. "आमच्याकडे पंधरा वर्षं काम केलेल्यांना येत नाही." मग बाटली हातात घेऊन म्हणाली, "थुंकलीच ना पण. ते थुंकायचेच. मलाही तसंच शिकवलं, कामाची गोष्ट गिळायची नाही. म्हणजे त्यांनी ती तपासली, मामा. घेतली नाही."

मग मला तेही सांगावं लागलं, जे सकाळी लिहायलाही हात धजला नव्हता.

"पहिला घोट थुंकले," मी म्हणालो. "मला झापून झाल्यावर पुन्हा बोटभर ओतून दुसरा घेतला. तो गिळला."

आक्काचा हात बरणीवर थांबला.

"मीच ओरडलो. म्हटलं, दाजी, अहो आईला शब्द दिलाय तुम्ही! तर पेला खाली ठेवून म्हणाले, 'आईला वर गेल्यावर मी सांगेन काय ते. नातीच्या हातची होती म्हणेन. नाही म्हणायची नाही ती.'"

पोरगी तेरा दिवस कोरडी होती, दाजी. सगळ्यांना पाणी देत होती, याद्या करत होती. आता उघड्या बॅगेवर डोकं टेकून रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "मला काहीतरी वास लागला होताच. तुझ्याकडून आले की वेलदोडा चघळत यायचे. जन्मात वेलदोडा खाल्ला नव्हता या माणसाने. मला वाटलं, बाळूकडे जाऊन मटण खातात."

आम्ही तिघं हसलो. तुमच्या घरात, तेरावा होऊन चोवीस तासही झाले नव्हते.

फोनबद्दल पल्लवीने मला अजून माफ केलेलं नाही. तसं म्हणालीही, मी निघताना, "मामा, त्या टोमण्याचा राग आहे मला. जाईल, पण आज नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. तुमच्याकडून उसना घेतलेला राग आहे, लवकर जायचा नाही.

मी शपथ मोडली, दाजी. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन, सवय आहे मला. तुमच्या आईला तुम्ही तिथं सांगितलं असेलच. इथं जे राहिलं होतं ते मी सांगितलं. आणि आक्का आत्ता फोनवर सांगत होती, तेरा दिवसांत पहिल्यांदा पोरगी आज जेवताना दोन भाकऱ्या मागून घेऊन जेवली.